विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गीतेचे भाष्यकार, महात्मा गांधींचे सहकारी आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून गांधींनी त्यांची निवड केली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने मराठीत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या धार्मिक ग्रंथांपैकी एक ठरली. भूदानामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले, तरी त्याआधीची सुमारे तीन दशके त्यांनी प्रामुख्याने कातणे, पिंजणे, विणणे आणि त्या श्रमाच्या मोबदल्याचा हिशेब यांत घालवली. हा लेख त्यांच्या जीवनाबरोबरच वस्त्रविद्येतील त्यांच्या कार्याचाही परिचय करून देतो.

बालपण आणि शिक्षण

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. त्यांचे आजोबा शंभुराव धार्मिक वृत्तीचे होते. आई रुक्मिणीबाई यांच्या भक्तिभावाचा विनोबांच्या मनावर खोल ठसा उमटला. वडील नरहरी भावे बडोद्यात नोकरीस होते. ते शिस्तप्रिय आणि विज्ञाननिष्ठ असून कापडाच्या रंगांविषयी त्यांना विशेष आस्था होती व त्यासंबंधी ते घरी प्रयोग करीत. मोजमापाची अचूकता विनोबांनी वडिलांकडून घेतली, तर अध्यात्माची ओढ आईकडून, असे सामान्यतः मानले जाते. बाळकोबा आणि शिवाजीराव हे त्यांचे धाकटे बंधूही पुढे आजन्म ब्रह्मचारी राहून सार्वजनिक कार्यात रमले.

विनोबांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यात झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असता ते वाटेत सुरत येथे गाडीतून उतरले आणि काशीला गेले. तत्पूर्वी त्यांनी आपली शालेय प्रमाणपत्रे चुलीत जाळून टाकली होती. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातील गांधींच्या भाषणाचा वृत्तान्त वाचून त्यांनी गांधींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली.

साबरमती आणि वर्धा

आश्रमातील प्रारंभीच्या काळात हातसूत उपलब्ध नव्हते. त्यामुळे विणकाम गिरणीच्या सुतावर चाले. विनोबाही इतरांबरोबर मागावर बसत. नवार विणण्यापासून त्यांनी या कामास आरंभ केला. पुढे चरखा आल्यावर पिंजण, पेळू करणे आणि कातणे या सर्व क्रिया त्यांनी हस्तगत केल्या. मधल्या काळात वर्षभराची रजा घेऊन ते वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शास्त्रांच्या अध्ययनासाठी गेले. मुदत संपताच ते आश्रमात परतले.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्धा येथील आश्रमाची जबाबदारी सांभाळण्यास आले. तेव्हापासून वर्धा परिसर हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. आईने गीता सोप्या मराठीत हवी अशी इच्छा व्यक्त केली होती. आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात, त्यांनी ‘गीताई’ हा समश्लोकी अनुवाद पूर्ण केला.

खानदेशाशी संबंध

खानदेश हा कापसाचा प्रदेश आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात भारतीय कापसाची मागणी वाढली, तेव्हा जिल्हाधिकारी ॲशबर्नर यांनी वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथील सुधारित वाणाचे बी खानदेशात आणून त्याचा प्रसार केला. १८७० च्या दशकात जळगावात सूत आणि कापडाची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकात मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांच्या उद्योगामुळे अमळनेर हेही गिरणगाव झाले. धुळ्यातही गिरणी सुरू झाली. अशा रीतीने विनोबांचे वर्धा आणि गिरण्यांचा खानदेश या दोहोंचा कच्चा माल एकच होता. त्यापासून धागा काढण्याच्या वाटा मात्र भिन्न होत्या.

१९३२ च्या सविनय कायदेभंगात विनोबांना शिक्षा होऊन त्यांची रवानगी पश्चिम खानदेशातील धुळे येथील तुरुंगात झाली. जमनालाल बजाज आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी हेही त्या वेळी तेथे होते. राजबंद्यांच्या विनंतीवरून विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती जलद गतीने उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाचा तो मूळ आधार होय. हा ग्रंथ पुढे बहुतेक सर्व भारतीय भाषांत अनुवादित झाला.

या प्रवचनांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांची जी मांडणी आहे, तिला विनोबांच्या दैनंदिन श्रमाची पार्श्वभूमी आहे. बाह्य कृतीला अंतःकरणाची जोड मिळाली म्हणजे तिचे ओझे उरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. तुरुंगातील दळणासारखी सक्तीची कामे राजबंद्यांनी स्वेच्छेने व चोख करावीत, असा त्यांचा आग्रह असे.

धुळ्याशी विनोबांचा कौटुंबिक संबंधही होता. बंधू शिवाजीराव यांचे वास्तव्य त्या शहरात असे. वडील नरहरी भावे यांचे निधन १९४७ मध्ये धुळे येथेच झाले. त्यांच्या अस्थी नदीत विसर्जित न करता विनोबांनी त्या जमिनीत पुरण्याचा निर्णय घेतला.

नालवाडीतील प्रयोग

तुरुंगातून सुटल्यानंतर १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळील नालवाडी या दलित वस्तीत राहावयास गेले. खेड्यातील कातणाऱ्या स्त्रीला जी मजुरी मिळते, तिच्यावर माणूस जगू शकतो काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता हाती घेतला. दिवसाचे सुमारे आठ तास कातून अखिल भारतीय चरखा संघाच्या प्रचलित दराने जे काही आणे होत, तेवढ्यातच आहाराचा खर्च भागवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. चरख्याप्रमाणेच टकळीवरही त्यांनी कताई केली. उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी सूत काढण्याचा सराव करून कोणत्या हाताला किती वेळ लागतो, याची नोंद ते ठेवीत.

प्रयोगाचा निष्कर्ष खादी चळवळीला अडचणीत टाकणारा होता. आठ तास एकाग्रतेने काम करणाऱ्या कुशल माणसालाही प्रचलित दरात पुरेसे अन्न मिळणे कठीण होते. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारी उपाशी राहत असेल, तर ग्राहकाच्या अंगावरील वस्त्र देशभक्तीचे असले तरी न्यायाचे नाही, हा त्याचा अर्थ होता. याच सुमारास गांधींनीही कातणाऱ्यांना निर्वाहापुरते वेतन मिळावे असा आग्रह धरला आणि १९३५ मध्ये चरखा संघाने किमान वेतनाचे धोरण स्वीकारले. प्रत्यक्षात ठरलेले दर गांधींच्या अपेक्षेहून कमी होते. त्यातही खादीची किंमत वाढून विक्री घटेल, ही भीती कार्यकर्त्यांना होतीच. नालवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामसेवा मंडळाने खादी आणि ग्रामोद्योगांचे काम पुढे चालवले.

सुताचा अंक आणि कापडाचे वजन

विनोबांच्या या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी सुताच्या मोजमापाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. धाग्याची जाडी डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून ती लांबी आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढतात. ८४० यार्डांची एक लड धरल्यास एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा अंक होय. अंक जितका मोठा, तितके सूत बारीक.

खादीच्या कामात हेच माप वेगळ्या रूपात वापरले जाई. फाळक्याच्या चार फुटांच्या एका फेऱ्यास तार म्हणत. १६० तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी होई. गुंडीची लांबी २,५६० फूट, म्हणजे सुमारे ८५३ यार्ड भरते. ती ८४० यार्डांच्या लडीच्या अगदी जवळ आहे. एका पौंडात सुमारे ३९ तोळे असल्यामुळे, ४० या संख्येस गुंडीच्या तोळ्यांतील वजनाने भागले असता सुताचा अंक जवळजवळ अचूक मिळतो. दोन तोळे भरणारी गुंडी २० अंकाची, तर अडीच तोळ्यांची गुंडी १६ अंकाची समजावी. तराजू आणि तोंडी भागाकार यांखेरीज या हिशेबाला काहीही लागत नाही.

सुतावरून कापडाचे वजनही काढता येते. समजा, १६ अंकाच्या सुताचे कापड विणायचे असून त्यात इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे आहेत. एका चौरस यार्डात उभ्या धाग्यांची एकूण लांबी ४० गुणिले ३६, म्हणजे १,४४० यार्ड होते. आडव्या धाग्यांचीही तितकीच. एकूण २,८८० यार्डांस ८४० ने भागल्यास सुमारे ३.४३ लडी आणि त्यास १६ ने भागल्यास ०.२१४ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन औंस वजन मिळते. धागे एकमेकांवरून वरखाली जात असल्याने प्रत्यक्षात सूत थोडे अधिक लागते. गुंडीच्या भाषेत सांगायचे, तर अशा एका चौरस यार्डास साडेतीन गुंड्या धराव्या लागतात. माणसाला वर्षाला २० चौरस यार्ड कापड लागते असे धरल्यास त्यासाठी सुमारे ७० गुंड्या कातल्या पाहिजेत.

मजुरीचा प्रश्न याच हिशेबात दडलेला आहे. १६ ऐवजी २० अंकाचे सूत वापरून तितक्याच धाग्यांचे कापड विणल्यास त्याचे वजन पावणेतीन औंसांवर येते, परंतु कातावी लागणारी लांबी तीच राहते. म्हणजे सुताचा मोबदला केवळ वजनावर दिला, तर बारीक कातणाऱ्या कुशल हाताला तितक्याच श्रमाचे कमी पैसे मिळतात. उलट केवळ लांबीवर दिला, तर काळजीपूर्वक कातण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणून गुंडीची लांबी, सुताचा अंक, समानता आणि मजबुती या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. कापूस हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे ओलसर सूत जड भरते आणि त्याचा अंक कमी दिसतो. तराजूवर ठेवण्यापूर्वी सूत कोरडे असणे हा तांत्रिक मुद्दा असला, तरी तो विश्वासाचाही प्रश्न आहे.

आजच्या तयार कपड्यांच्या उद्योगातही हेच गणित चालते. जीन्सचे डेनिम कापड औंस प्रति चौरस यार्ड या मापाने ओळखले जाते. ताण्यात ७ अंकाचे ६४ धागे आणि बाण्यात ६ अंकाचे ४२ धागे दर इंचाला असतील, तर वरील रीतीने ताण्याचे वजन सुमारे ६.२७ औंस, बाण्याचे ४.८ औंस आणि एकूण ११ औंस येते. धाग्यांच्या वळणामुळे लागणारे अधिक सूत धरल्यास ते बारा औंसांच्या जवळ जाते. कारखान्यात १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून त्याच्या ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणतात आणि चौरस मीटरचे वजन ठरवतात. ३.४ ग्रॅमचा तुकडा म्हणजे ३४० ग्रॅम प्रति चौरस मीटर, अर्थात सुमारे दहा औंसांचे कापड. जाड सुती कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून आल्याचे मानले जाते. खादी आणि डेनिम यांचा बाजार वेगळा असला, तरी तराजू एकच आहे.

नयी तालीम

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे विनोबा सदस्य होते. मूलोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची जी योजना या समितीने मांडली, तिच्यात कताई आणि विणकामास प्रमुख स्थान होते. मुलाने स्वतः कातलेल्या सुताची लांबी मोजावी, ते तोलावे, त्याचा अंक काढावा आणि त्यातून गुणाकार, भागाकार, सरासरी व प्रमाण शिकावे, अशी ही कल्पना होती. कापसाच्या बोंडापासून भूगोल व वनस्पतिशास्त्राकडे आणि कापडाच्या व्यापारातून इतिहासाकडे जाता येत असे. विनोबांच्या मते श्रम आणि ज्ञान यांची फारकत हेच समाजातील विषमतेचे एक मूळ होते.

याच काळात, डिसेंबर १९३६ मध्ये, पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले आणि त्यासोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन झाले. त्यामुळे गिरण्यांच्या या प्रदेशात हातसुताचा विचार शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला.

स्वातंत्र्यलढा आणि सूतांजली

प्रकृती खालावल्यामुळे १९३८ मध्ये विनोबा धाम नदीच्या काठी पवनार येथे राहावयास गेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी तेथूनच युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा अटक झाली आणि वेल्लोर व सिवनी येथील तुरुंगांत राहून १९४५ मध्ये ते मुक्त झाले.

गांधींच्या हत्येनंतर त्यांचे स्मरण कोणत्या रीतीने करावे, या प्रश्नाला विनोबांनी सूतांजलीच्या रूपाने उत्तर दिले. प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तार, १२ फेब्रुवारी रोजी भरणाऱ्या सर्वोदय मेळ्यात अर्पण करावी, अशी ही योजना होती. गरीब आणि श्रीमंत दोघांनाही सारखेच देता येईल असे हे दान होते, कारण त्याचे माप पैशात नव्हे, तर श्रमात होते.

भूदान चळवळ

एप्रिल १९५१ मध्ये विनोबा तेलंगणातील हिंसाग्रस्त भागात फिरत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली या गावी भूमिहीन दलितांनी जमिनीची मागणी केली असता रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. यातून भूदानाची कल्पना पुढे आली. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबांनी देशभर पदयात्रा केली. भूदानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. भूदानातून ग्रामदान, संपत्तिदान आणि श्रमदान या कल्पना विस्तारल्या. १९५८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील अनेक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

टीका

विनोबांच्या कार्यावर विविध बाजूंनी टीका झाली. दानात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग नापीक किंवा वादग्रस्त होता आणि बराचसा भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही, हा भूदानावरील प्रमुख आक्षेप आहे. जमिनीचे फेरवाटप कायद्याने व्हावे, हृदयपरिवर्तनाची वाट पाहू नये, अशी डाव्या विचारवंतांची भूमिका होती. खादीच्या बाबतीत, यंत्राच्या तुलनेत हातकताईची उत्पादकता इतकी कमी आहे की तिच्यातून पुरेसे वेतन निघणेच अशक्य आहे, असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. नालवाडीतील प्रयोगाचे आकडे या आक्षेपाला एका अर्थाने पुष्टीच देतात. परंतु शेतीच्या रिकाम्या हंगामात दुसरे कोणतेही काम नसणाऱ्यांसाठी चरखा आहे, असे खादीचे समर्थक म्हणत. आणीबाणीच्या काळात विनोबांच्या अनुशासन पर्व या शब्दप्रयोगाचा सरकारने आपल्या समर्थनार्थ वापर केला. त्यामुळे जयप्रकाश नारायण यांच्या अनुयायांत त्यांच्याविषयी नाराजी निर्माण झाली.

अखेरचे दिवस आणि वारसा

नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती बिघडल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. ‘गीताई’, ‘गीता प्रवचने’ आणि ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ ही त्यांची मराठीतील महत्त्वाची ग्रंथसंपदा आहे.

खानदेशातील अनेक जुन्या गिरण्यांची धुराडी कालांतराने थंडावली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आजही कापूस हे प्रमुख नगदी पीक आहे. त्या कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचे कपडे होताना प्रत्येक टप्प्यावर वजन आणि लांबीचा हिशेब केला जातो. विनोबांनी या हिशेबात कातणाऱ्या हाताच्या भाकरीचा रकाना जोडला. वस्त्रव्यवसायाच्या इतिहासात त्यांचे नाव त्यासाठी घेतले जाते.